फळीभर जागेतली रेल्वे: अतिलहान मॉडेल रेल्वेमागचा विचार

मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनांच्या चित्रफिती पाहताना रेल्वेच्या छंदाशी संबंध नसलेल्या प्रेक्षकाला एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. दालनाच्या मध्यभागी दहा-बारा मीटर लांबीची भव्य मांडणी असते, डोंगर आणि बोगदे ओलांडत लांबलचक गाडी धावत असते. आणि तरीही कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती माणसे बराच वेळ खिळून उभी असतात. त्या टेबलावर जेमतेम मीटरभर लांब आणि फूटभर रुंद फळी असते, तीन आखूड रूळ असतात आणि एक छोटे इंजिन मोजक्या वाघिणी पुढे-मागे करत असते. एवढ्याशा जागेत पाहण्यासारखे काय असते, आणि एवढे लहान करायचेच होते तर त्यात कौशल्य ते कोणते, हे दोन प्रश्न स्वाभाविक आहेत. त्यांची उत्तरे मात्र वाटतात त्यापेक्षा खोल आहेत, कारण अतिलहान मॉडेल रेल्वे ही मोठ्या मॉडेलची आटवलेली आवृत्ती नसून ती बेतण्याची पद्धतच वेगळी आहे.

आधी थोडे गणित

या छंदात रूळ, इमारती, देखावा आणि वीजजोडणी यांसह उभारलेल्या संपूर्ण मांडणीला लेआउट म्हणतात. खऱ्या वस्तूच्या तुलनेत प्रतिकृती किती पटींनी लहान आहे ते सांगणारे प्रमाण म्हणजे स्केल, आणि दोन रुळांमधले अंतर म्हणजे गेज. ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या ओओ प्रकारात प्रमाण १:७६ आणि गेज १६.५ मिलिमीटर असते. युरोप-अमेरिकेतल्या एचओ प्रकारात गेज तेच, पण प्रमाण १:८७ असते. एन प्रकारात गेज ९ मिलिमीटर आणि प्रमाण सामान्यतः १:१६० असते.

आता १:७६ हे प्रमाण घेऊन खरी रेल्वे घरात आणण्याचा हिशेब करून पाहू. एका किलोमीटरचे तेरा मीटर होतात. वीस मीटर लांबीचा प्रवासी डबा २६ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे बारा डब्यांची गाडी इंजिन न धरताही तीन मीटरांच्या पुढे जाते. तिच्यासाठी तेवढाच लांब फलाट हवा, फलाटाच्या दोन्ही टोकांना सांधे, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी वळवण्याची सोय, हवेत, आणि गाडी कोठून तरी येऊन कोठे तरी जायला हवी. वळणांची गोष्ट आणखी बिकट आहे. तयार मिळणाऱ्या ओओ रुळांमधले सर्वांत तीव्र वळण ३७१ मिलिमीटर त्रिज्येचे असते. खऱ्या मापात ते साधारण २८ मीटर त्रिज्येचे वळण झाले, तर मुख्य मार्गावरच्या खऱ्या वळणांच्या त्रिज्या शेकडो मीटरांच्या असतात. एवढे तीव्र वळण पत्करूनही पूर्ण वर्तुळासाठी ऐंशी सेंटिमीटर रुंदीची जागा लागतेच.

म्हणून बहुतेक मॉडेलकार आटवण्याचा मार्ग धरतात: बारा डब्यांऐवजी चार, सहा फलाटांऐवजी दोन, आणि डोंगराऐवजी टेकडी. यात गैर काही नाही. पण जागा जितकी कमी, तितके हे आटवणे डोळ्यांना खुपू लागते, आणि एका मर्यादेनंतर गाडीचे शेवटचे टोक एका बोगद्यातून बाहेर येण्यापूर्वीच तिचे इंजिन दुसऱ्या बोगद्यात शिरते. अतिलहान लेआउट करणारा याच्या उलट वाटेने जातो. तो मोठ्या गोष्टीला लहान करत नाही; मुळात लहान असलेली गोष्ट शोधतो आणि ती तिच्या खऱ्या मापात उभी करतो.

किती लहान म्हणजे अतिलहान, याला काही कायदेशीर व्याख्या नाही. अमेरिकेतील कार्ल अरेंट यांनी अशा लेआउटांची माहिती गोळा करून ती जगभरच्या छांदिष्टांपर्यंत पोहोचवण्याचे काम २०११ मध्ये झालेल्या त्यांच्या निधनापर्यंत अत्यंत निष्ठेने केले. त्यांनी सुचवलेली साधारण चार चौरस फुटांची मर्यादा अनेक जण आजही मानतात. चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळी, म्हणजे सुमारे १२० बाय ३० सेंटिमीटर, या मर्यादेत नेमकी बसते. अरेंट यांचा आग्रह केवळ क्षेत्रफळाचा नव्हता. लेआउटला स्पष्ट हेतू हवा आणि त्यावर खरोखरीचे रेल्वेकाम करता यायला हवे, हा त्या विचाराचा अधिक महत्त्वाचा भाग होता, आणि माझ्या मते नवख्यांच्या नजरेतून नेमका तोच निसटतो.

पण खरी रेल्वे इतकी लहान असते का?

असते, आणि असे नमुने विपुल आहेत. रेल्वे म्हटले की लांब पल्ल्याची गाडी डोळ्यांसमोर येते, पण रेल्वेचे निम्मे आयुष्य गोद्यांच्या मागे, कारखान्यांच्या आवारात आणि बंदरांच्या धक्क्यांवर गेले आहे. तेथे वळणे तीव्र होती, इंजिने चार किंवा सहा चाकांची होती, गाड्या दोन-तीन वाघिणींच्या होत्या आणि वेग माणसाच्या चालीएवढा होता. मॉडेलकाराला जागेअभावी जे जे करावे लागते, ते सगळे तेथे वास्तवातच झालेले होते.

न्यूयॉर्क शहरातील ब्रॉन्क्स भागात, हार्लेम नदीच्या काठी, सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी या कंपनीचे एक मालस्थानक होते. त्याला बाहेरच्या कोणत्याही रेल्वेमार्गाची जमिनीवरून जोडणी नव्हती. वाघिणी रूळ बसवलेल्या तराफ्यावर चढवून पाण्यातून आणल्या जात, धक्क्याला लागलेल्या तराफ्यावरून इंजिन त्या ओढून घेई, आणि गोलसर मालगोदामाभोवती फिरणाऱ्या अतितीव्र वळणांच्या रुळांवर त्या लावल्या जात. अतिलहान लेआउटांच्या चाहत्यांमध्ये हे स्थानक प्रसिद्ध आहे ते उगाच नव्हे: गाडी कोठून आली या प्रश्नाचे उत्तर तेथे तराफाच देतो, आणि जगाशी असलेला सगळा संबंध हातभर लांबीच्या एका तुकड्यात मावतो.

डब्लिनमधल्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात ५५९ मिलिमीटर गेजची अंतर्गत रेल्वे होती. तिची इंजिने यारीने उचलून आयर्लंडच्या १६०० मिलिमीटर गेजच्या रुळांवरील एका खास वाघिणीत बसवता येत. आत बसलेल्या इंजिनाची चाके रोलर फिरवीत आणि त्यांच्या जोरावर ती रुंद वाघीणच इंजिनासारखी चालू लागे. हे एखाद्या मॉडेलकाराने कल्पनेतून केले असते तर त्याला कोणी अतिशयोक्त ठरवले असते. बर्टन-अपॉन-ट्रेंट या इंग्लिश गावात मद्यकारखान्यांचे रूळ गावातले रस्ते ओलांडत एका आवारातून दुसऱ्या आवारात जात. अशा एखाद्या ओलांडणीचा मीटरभर तुकडा, एका बाजूला कारखान्याची भिंत आणि दुसऱ्या बाजूला फाटक, एवढ्यावर संपूर्ण लेआउट उभा राहतो, आणि त्यात काहीही आटवावे लागत नाही.

अरुंद गेजच्या रेल्वेने आणखी एक सोय करून ठेवली आहे. १:७६ प्रमाणाची छोटी इंजिने ९ मिलिमीटर गेजच्या रुळांवर चालवली, तर ते रूळ खऱ्या मापात सुमारे ६८६ मिलिमीटर गेजचे होतात, म्हणजे खाणी आणि शेतमळ्यांच्या छोट्या रेल्वेच्या जवळपासचे. अशा गाड्या पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी त्रिज्येच्या वळणावर फिरू शकतात. त्यामुळे तीसेक सेंटिमीटर व्यासाच्या गोल फळीवरही पूर्ण वर्तुळ बसते, आणि निम्मे वर्तुळ टेकडीआड किंवा इमारतींआड दडवले की गाडी दृष्टीआड जाऊन पुन्हा प्रकटते. असे लेआउट मोहक दिसतात. तरी त्यांची गंमत लवकर आटते असे मला वाटते, आणि म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः सरळ फळीवरच्या लेआउटांबद्दल आहे.

दिसणारी आणि न दिसणारी जागा

लेआउटचा जो भाग प्रेक्षकाला दिसतो त्याच्याइतकाच महत्त्वाचा भाग दिसत नाही. नाटकात रंगमंचावरचे पात्र विंगेत जाते तेव्हा ते घरी, कचेरीत किंवा परगावी गेले असे आपण मानतो; प्रत्यक्षात ते पडद्यामागे दोन पावलांवर पुढच्या प्रवेशाची वाट पाहत उभे असते. लेआउटवरील या विंगेला फिडल यार्ड म्हणतात. पुलाखालून किंवा दोन इमारतींमधून गाडी फिडल यार्डात जाते, तेथे चालवणारा तिच्या वाघिणी हाताने बदलतो किंवा दुसरी गाडी पुढे करतो, आणि प्रेक्षकाच्या लेखी बाहेरच्या जगातून नवा माल आलेला असतो.

चार चौरस फुटांत या विंगेला किती जागा द्यायची, हा बेतणाऱ्यापुढचा पहिला खरा निर्णय असतो. सांधे फार जागा खातात: ओओ प्रकारातला आखूड सांधासुद्धा १७ ते १९ सेंटिमीटर लांब असतो, आणि १२० सेंटिमीटरच्या फळीवर तसे तीन सांधे ओळीने ठेवले की निम्मी फळी संपलीच. म्हणून विंगेत सांध्यांऐवजी इतर युक्त्या वापरतात. रुळांचे दोन-तीन तुकडे बसवलेली आडवी सरकणारी फळी करता येते, किंवा एका टोकाला खिळलेली आणि दुसऱ्या टोकाला थोडी फिरणारी पट्टी करता येते. तिसरी पद्धत सर्वांत साधी आहे: गाडी अख्खीच्या अख्खी मावेल एवढी, वर रूळ असलेली सुटी पेटी रुळाला जोडायची, गाडी तिच्यात शिरली की पेटी उचलून बाजूला ठेवायची आणि दुसऱ्या गाडीची पेटी तिच्या जागी लावायची. फिरती पट्टी दिसत्या भागाच्या टोकाला लावली तर इंजिनाला वाघिणींच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेण्यासाठी लागणारा एक सांधाही वाचतो. अनुभवी मॉडेलकारांचे नकाशे पाहिले तर त्यांची सगळी कारागिरी एक एक सांधा वाचवण्यात गेलेली दिसते.

नुसते पुढे-मागे करण्याचा कंटाळा येत नाही का?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला जातो, आणि त्याचे उत्तर वेगाच्या हिशेबात दडलेले आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी १:७६ प्रमाणात सेकंदाला सुमारे ३६ सेंटिमीटर अंतर कापते, म्हणजे १२० सेंटिमीटरची फळी ती साडेतीन सेकंदांच्या आत पार करील. आवारातले इंजिन मात्र ताशी आठ किलोमीटरने चालत असेल, तर तेच अंतर काटायला त्याला चाळीस सेकंद लागतात. म्हणजे खऱ्या वेगाने काम केले तर फळी छोटी राहतच नाही. ती वेळेच्या मापाने लांब होते. मात्र नुसते हळू जाणेही पुरेसे नाही. प्रत्येक हालचालीला कारण हवे.

ते कारण शंटिंगमधून मिळते. शंटिंग म्हणजे वाघिणी एका रुळावरून दुसऱ्यावर नेऊन हव्या त्या क्रमाने लावणे. ब्रिटनमधील ॲलन राइट यांनी इंग्लंडच्या ईशान्येकडील ॲनिक-कॉर्नहिल शाखेवरच्या किलहॅम येथील रुळांवरून प्रेरणा घेऊन ‘इंगलनुक साइडिंग्ज’ हा लेआउट केला, आणि त्याची रचना आज जगभर वापरली जाते. तिच्यात फक्त दोन सांधे आणि तीन आखूड रूळ असतात. एका रुळावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन रुळांवर प्रत्येकी तीन, आणि सांध्यांपुढच्या रुळावर, ज्याला हेडशंट म्हणतात, इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. त्यांपैकी पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने त्या लांब रुळावर लावायच्या.

नियम वाचून हे सोपे वाटते. प्रत्यक्षात आठांतून पाच वाघिणी क्रमाने निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात, आणि प्रत्येक खेपेला कोडे नवे असते. हेडशंट आखूड असल्यामुळे पाचही वाघिणी एकदम बाहेर काढता येत नाहीत. हवी असलेली वाघीण नको असलेल्या दोघींच्या मागे अडकलेली असते. तिला सोडवण्यासाठी त्या दोघींना ज्या रुळावर ठेवावे, तोच रूळ पुढच्या खेपेला मोकळा हवा असतो. तरीही राइट यांच्या मापाचे कोडे नेहमी सुटते. गणितज्ञ सायमन ब्लॅकबर्न यांनी तर अशी कोडी कोणत्या अटींवर हमखास सुटतात आणि कमीत कमी किती चालींत सुटतात, यावर शोधनिबंधच लिहिला आहे. पाच-तीन-तीन या आकड्यांमागे भूमितीही आहे: ओओ प्रकारातली चार चाकी ब्रिटिश वाघीण साधारण आठ सेंटिमीटर लांब असते, आणि दुसरा सांधा सुमारे दोन वाघिणींची जागा घेतो, म्हणून त्याच्या पलीकडे तीन वाघिणी ठेवल्या की शेजारच्या रुळावर त्याच लांबीत पाच मावतात. फळीचा एक सेंटिमीटरही वाया जात नाही.

अमेरिकेत जॉन ॲलन यांनी ‘टाइमसेव्हर’ नावाची अशीच एक रचना १९७२ मध्ये मांडली. तिच्यात पाच सांधे आहेत, दोन्ही दिशांना तोंड असलेल्या साइडिंगी, म्हणजे बाजूचे आखूड रूळ, आहेत आणि वाघिणी ठरलेल्या जागी पोहोचवायला किती वेळ लागला याची स्पर्धा आहे. ती डोक्याला चांगला ताप देते. पण कोणत्याही शहाण्या रेल्वेने मालस्थानक इतके गैरसोयीचे बांधले नसते, हे पाहणाऱ्यालाही जाणवते. प्रदर्शनासाठी राइट यांची रचना अधिक सरस ठरते, कारण ती कोडे असूनही खऱ्या आवारासारखी दिसते.

लहान म्हणजे सोपे असेल ना?

काही बाबतींत नक्कीच सोपे. खर्च कमी, लाकूडकाम कमी, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे काम पूर्ण होते. वर्षानुवर्षे उघड्या लाकडाच्या अवस्थेत पडलेले मोठे लेआउट या छंदात सर्वत्र आढळतात. फळीभर लेआउटमध्ये रूळ टाकण्यापासून गोदामाच्या गळक्या पन्हळीला गंजाचा रंग देण्यापर्यंत सगळी कामे एकाच माणसाच्या हातून होऊ शकतात, आणि प्रत्येक कौशल्य त्याला शिकावेच लागते.

मात्र चालण्याच्या बाबतीत लहान लेआउट मोठ्यापेक्षा कठोर परीक्षा घेतो. मॉडेल इंजिनाला वीज रुळांतून चाकांमार्फत मिळते. साध्या पद्धतीत ती १२ व्होल्टपर्यंतची एकदिश वीज असते. सांध्यात जेथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तेथे पुष्कळदा प्लास्टिकचा निर्वीज तुकडा असतो. लांब आणि वजनदार इंजिन वेगात येऊन त्यावरून सहज निघून जाते, कारण त्याची बाकीची चाके विजेवर असतात. चार चाकांचे आखूड इंजिन चालीच्या वेगाने आले की नेमके तेथेच थांबते, आणि प्रेक्षकांसमोर बोटाने ढकलावे लागते. म्हणून येथे छेदाचा तुकडा धातूचा असलेले सांधे घ्यावेत आणि सांधा बदलताच त्या तुकड्याची जोडणीही बदलेल असा स्विच बसवावा. इंजिनात क्षणभर वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर बसवला तर आणखी उत्तम. रुळांतून अंकीय आदेश पाठवून इंजिने चालवण्याच्या पद्धतीत ही सोय सहज करता येते.

वाघिणी जोडण्या-सोडण्याचा प्रश्नही असाच. शंटिंगच्या एका खेळात वीस-तीस वेळा वाघिणी सोडाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी आभाळातून एक प्रचंड हात खाली आला तर देखाव्याची किमया मोडते. रुळाखाली चुंबक बसवून वाघिणी सोडवण्याची पद्धत यासाठी चांगली. केडी या अमेरिकन बनावटीच्या जोडण्यांमध्ये चुंबकावर सोडलेली वाघीण पुढे ढकलत नेऊन हव्या त्या ठिकाणी ठेवता येते, त्यामुळे प्रत्येक रुळाला एक चुंबक पुरतो. खऱ्यासारख्या कड्यांची जोडणी अधिक सुंदर दिसते. पण दिवसभर बारीक आकडीने ती लावत बसण्याचा धीर फार थोड्यांपाशी असतो.

मग आणखी लहान प्रमाण का घेऊ नये?

जागा कमी असेल तर १:१६० किंवा १:२२० प्रमाण घेऊन त्याच फळीवर दुप्पट-तिप्पट रेल्वे बसवावी, असे कोणालाही वाटेल. मेर्कलिन या जर्मन कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या झेड प्रकारात प्रमाण १:२२० आणि गेज ६.५ मिलिमीटर आहे. जपानमधून आलेल्या टी प्रकारात तर प्रमाण १:४५० आणि गेज ३ मिलिमीटर आहे. त्यात एक खरा किलोमीटर सव्वादोन मीटरांत मावतो.

अडचण अशी की लांबी निम्मी झाली तरी वजन निम्मे होत नाही. ते घनाच्या हिशेबाने घटते. १:७६ प्रमाणातले दीडशे ग्रॅमचे इंजिन तशाच बांधणीने १:१६० मध्ये केले तर ते सुमारे सोळा ग्रॅमचेच भरेल. वजन घटले की चाकांचा रुळांवरील दाब घटतो, दाब घटला की विजेचा संपर्क आणि ओढण्याची ताकद दोन्ही घटतात. टी प्रकारातल्या गाड्यांना रुळांवर पकड मिळावी म्हणून चुंबकीय चाके द्यावी लागली, यावरून या अडचणीची कल्पना येईल. शिवाय धूळ मात्र कोणत्याही प्रमाणात लहान होत नाही; जो कण ओओच्या चाकाला जाणवत नाही तोच झेडच्या इंजिनाला थांबवतो. छोटी प्रमाणे लांब गाडी विस्तीर्ण देखाव्यातून संथ धावताना दाखवायला उत्तम आहेत. सावकाश, अचूक शंटिंग करायचे असेल, तर मोठ्या प्रमाणातली कमी रेल्वे हीच निवड मला योग्य वाटते. १:४३ किंवा १:४८ प्रमाणातही, दोन वाघिणी आणि एका इंजिनावर, उत्कृष्ट अतिलहान लेआउट झालेले आहेत.

जागा असल्याचा भास

फळीची कड दिसली की भास संपतो, म्हणून देखावा बेतताना सगळा विचार कडांचा असतो. रूळ फळीच्या कडेला समांतर टाकले तर नजर लगेच दोन्हींची तुलना करते. तेच रूळ काही अंश तिरके टाकले, किंवा त्यांना किंचित बाक दिला, तर फळी म्हणजे मोठ्या परिसरातला कापून घेतलेला तुकडा वाटू लागते. मागच्या बाजूच्या इमारती दोन-तीन सेंटिमीटर खोलीच्याच असतात, दर्शनी भिंत आणि छपराचा थोडा उतार एवढेच. त्यांच्यामागे लगेच रंगवलेले आकाश सुरू होते. आकाशाचा पडदा कोपऱ्यात काटकोनात न दुमडता गोलाईने वळवला तर सावलीची रेघ पडत नाही. गाडी ज्या भोकातून विंगेत जाते ते पूल, उंच गोदाम किंवा झाड यांनी झाकावे लागते, आणि हा अडसर प्रेक्षकाच्या नजरेच्या रेषेतच असावा लागतो.

काही जण कोपऱ्यात आरसा लावून रस्ता किंवा रूळ दुप्पट लांब दाखवतात. ही युक्ती चालते, पण आरशासमोर नावाची पाटी किंवा आकडा असलेली वाघीण उभी राहिली की अक्षरे उलटी दिसतात आणि बिंग फुटते. सर्वांत मोठा मोह मात्र भरण्याचा असतो. मोकळ्या जागेत एक टपरी, एक मोटार, चार माणसे, दोन कुत्री असे करत गेले की फळी लहान दिसू लागते. रुळांपुढे दहा सेंटिमीटर नुसती तेलकट माती आणि गवत सोडायला धैर्य लागते, आणि तीच मोकळी जागा लेआउटला मोठेपण देते.

प्रदर्शनात नेताना

प्रदर्शनात मोठ्या लेआउटला वाहन लागते, जोडणीला अर्धा दिवस लागतो आणि चालवायला पाच-सहा माणसे लागतात. अतिलहान लेआउट एका माणसाच्या मोटारीत मागच्या आसनावर येतो, त्यामुळे आयोजकांना तो स्वस्त पडतो आणि मोठ्या लेआउटांमधल्या फटी त्याने भरता येतात. एकाच फळीवर असल्याने त्याला सांधजोड नसते. दोन फळ्या जुळवताना रूळ केसभर सरकून गाड्या घसरण्याचा जो प्रकार मोठ्या लेआउटांवर होतो, तो येथे संभवतच नाही. वेगळा मार्गही आहे: जपानमध्ये सुरू झालेल्या टी-ट्रॅक पद्धतीत एन प्रकारातले सुमारे ३१ सेंटिमीटर रुंदीचे ठोकळे प्रत्येक जण घरी स्वतंत्रपणे पूर्ण करतो आणि प्रदर्शनात टेबलांवर ते एकमेकांना जोडून मोठी रेल्वे तयार होते.

सादरीकरण हा लेआउटचाच भाग मानावा. फळीला वर छत आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या चौकटीत बसवले, छताच्या पुढच्या पट्टीमागे एलईडी दिवे लपवले आणि चौकट बाहेरून एका गडद रंगात रंगवली, की दालनातल्या गोंधळातून नजर आपोआप आत ओढली जाते. उंचीबद्दल मतभेद आहेत. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर लेआउट ठेवला तर तो विलक्षण खरा वाटतो, पण मुलांना आणि चाकांच्या खुर्चीतील प्रेक्षकांना काहीच दिसत नाही. जमिनीपासून सव्वा मीटरपेक्षा थोडे कमी ठेवणे आणि मुलांसाठी एक भक्कम पायरी सोबत नेणे ही तडजोड मला न्याय्य वाटते.

दिवसभर, सहा-सात तास, छोट्या इंजिनाने सतत काम करायचे असते. त्यामुळे दुसरे इंजिन आणि दुसरा नियंत्रक जवळ हवेतच. दर तासाला रूळ पुसणे आणि जेवणाच्या सुट्टीत चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करणे हा नियम ठेवावा. विजेचा अडॅप्टर भिंतीजवळ ठेवून लेआउटपर्यंत कमी दाबाचीच वीज आणावी.

प्रेक्षक सहसा मिनिट-दोन मिनिटे थांबतो, आणि इंगलनुकचे एक कोडे सुटायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. त्याला मध्येच आल्यावरही काय चालले आहे ते कळावे म्हणून निवडलेल्या पाच वाघिणींची चित्रे चौकटीच्या खाली क्रमाने लावतात. चिठ्ठ्या एखाद्या लहान मुलीला काढायला दिल्या तर ती कोडे सुटेपर्यंत हलत नाही, आणि तिच्यासोबतची माणसेही हलत नाहीत. पुढची चाल कोणती असावी यावर अनोळखी लोक एकमेकांशी वाद घालू लागतात. मोठ्या लेआउटसमोर माणसे पाहतात. येथे ती विचार करू लागतात, आणि कोपऱ्यातल्या टेबलाभोवतीच्या गर्दीचे खरे कारण हेच आहे.

सुरुवात कोठून करावी

लाकडापासून नव्हे, कागदापासून. लेआउटच्या खऱ्या मापाचा कागद जमिनीवर किंवा टेबलावर पसरावा आणि त्यावर सांध्यांच्या खऱ्या मापाच्या आकृत्या ठेवाव्यात. रूळ बनवणाऱ्या काही कंपन्या अशा आकृत्या छापण्यासाठी उपलब्ध करून देतात. मग ज्या वाघिणी आणि जे इंजिन वापरायचे, तेच प्रत्यक्ष त्यावर उभे करून हाताने ढकलत कोड्याचे दोन-तीन डाव खेळावेत. हेडशंट दोन सेंटिमीटर आखूड पडतो, सांध्याजवळ उभी वाघीण शेजारच्या रुळावरून जाणारीला घासते, विंगेत हात घालायला जागाच उरत नाही, हे सगळे येथेच कळते आणि पेन्सिलीने दुरुस्त होते. इमारतींच्या जागी रिकामी खोकी ठेवून, डोळे फळीच्या पातळीवर आणून, कोणता रूळ झाकला जातो तेही तपासावे. कागदावर सलग काही डाव अडथळ्याविना पार पडले, की मगच प्लायवूड कापायला घ्यावे.